चॅटबॉट उघडत नाही? कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, आधी राउटरकडे बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी सगळ्या स्टेप्स स्क्रीनवर करून दाखवल्यात. व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. पण खरं सांगू का, स्टेप्सच्या आधी मला एक दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती व्हिडिओत नीट सांगता आली नाही. कारण चूक माझी होती.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इथेच, वाकोला पाइपलाइनच्या बाजूला राहणाऱ्या एक ताई माझ्या संध्याकाळच्या बॅचला यायच्या. घरून डबे देतात, शिवाय बारसं, डोहाळजेवण, मुंज अशा छोट्या ऑर्डरी घेतात. चॅटबॉट त्या आमच्या बॅचमध्ये सगळ्यांत मन लावून शिकल्या. मेनू, माणसागणिक दर, साठ जणांना तांदूळ किती, डाळ किती, सगळं त्यात विचारून विचारून पक्कं केलेलं.

एका बारशाच्या जेवणाचं कोटेशन रात्री आठपर्यंत द्यायचं होतं. साडेसहाला त्यांनी लॅपटॉप उघडला, तर चॅटबॉट लोडच होईना. नुसतं गोल गोल फिरतंय. वायफायच्या दांड्या फुल. म्हणजे नेट तर आहे, मग बिघडलं काय? त्यांनी तेच केलं जे मी पहिल्या दिवशी वर्गात शिकवलं होतं. माझं आवडतं वाक्य होतं ते: "अडलं की गूगल करा!"

त्यांनी मोबाइल घेतला आणि चॅटबॉटच्या नावापुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकून शोधलं. एक दहा आकडी मोबाइल नंबर मिळाला. समोरचा माणूस अगदी गोड बोलणारा. "मॅडम, तुमचं अकाउंट ब्लॉक झालंय, दहा रुपये भरून व्हेरिफाय करावं लागेल, मी मदत करतो, फक्त हे अ‍ॅप टाका." ते अ‍ॅप स्क्रीन शेअरिंगचं होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. खात्यातून १४,५०० रुपये गेले. दुसऱ्या दिवशीच्या भाजी-किराण्याचे आणि गॅसचे पैसे होते ते.

आता बिघाड काय होता ते ऐका. रस्त्याच्या खोदकामात बिल्डिंगकडे येणारी फायबरची वायर तुटली होती. राउटरवर लाल दिवा लागलेला होता. चॅटबॉट ठणठणीत होता. अकाउंट ठणठणीत होतं. आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही, की ज्या मोबाइलवर त्यांनी तो नंबर शोधला, तो मोबाइल वायफाय गेल्यावर आपोआप मोबाइल डेटावर गेला होता. त्याच मोबाइलवर चॅटबॉट उघडला असता तर दहा सेकंदांत मेनू आणि दर समोर आले असते.

रात्री त्यांचा फोन आला. आम्ही लगेच १९३० ला फोन लावला, तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. बारशाची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. ताई मला एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, अडलं की गूगल करा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आधी 'बंद पडलं तर काय' शिकवा, मग प्रॉम्प्ट

माझं मत आता स्पष्ट आहे, आणि माझ्यासारखे जे कोणी दुकानदारांना, गृहउद्योगवाल्या ताईंना एआय शिकवतात त्यांनाही हे लागू आहे. आपण पहिल्या तासाला काय शिकवतो? प्रॉम्प्ट कसा लिहायचा, दिवाळीची पोस्ट कशी बनवायची, ग्राहकाला उत्तर कसं द्यायचं. सगळं चालू असतानाचं. बंद पडल्यावर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. कारण ते शिकवण्यात चमक नाही. व्हिडिओला व्ह्यूज येत नाहीत.

पण माणूस फसतो तो नेमका तेव्हाच. सगळं चालू असताना कुणी फसत नाही. गिऱ्हाईक थांबलंय, घड्याळ पळतंय, स्क्रीनवर गोल फिरतंय, अशा वेळी हातून भलतंच होतं. कुणी पासवर्ड रीसेट करतो, कुणी अ‍ॅप काढून टाकतो, कुणी सेटिंग्ज उलटीपालटी करतो, आणि कुणी नको त्या नंबरवर फोन करतो.

काही जण म्हणतील, चूक ताईंची होती, अनोळखी अ‍ॅप का टाकलं? मी हे मानत नाही. ज्याला अडचण कुठे आहे हेच माहीत नाही, तो जो कोणी "मला माहीत आहे" म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवणारच. अडचण कुठे आहे हे ओळखता येणं, हाच खरा बचाव आहे.

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो?

आपल्याकडे हे सगळ्यांना येतं. सकाळी नळाला पाणी नाही आलं, तर आपण लगेच महापालिकेत फोन करतो का? नाही. आधी आपला कॉक बघतो. मग शेजारच्या काकूंना विचारतो, "तुमच्याकडे आलं का हो?" मग गच्चीवरची टाकी, मग खालचा पंप. तेही सगळं ठीक असेल तर मग समजतं की मेन लाइनलाच पाणी नाही, आणि बादल्या ठेवून गप्प बसतो.

चॅटबॉटचंही असंच आहे. चार ठिकाणी अडू शकतं:

एक, तुमचा फोन किंवा लॅपटॉप. दोन, तुमचं नेट. तीन, तुमचं अकाउंट. चार, त्यांचा सर्व्हर आणि तिथपर्यंतचा रस्ता.

पहिल्या दोन ठिकाणी तुम्ही स्वतः दुरुस्ती करू शकता. तिसऱ्या ठिकाणी बहुतेक वेळा फक्त थांबावं लागतं. चौथ्या ठिकाणी तर तुमच्या हातात काहीच नसतं. त्यामुळे अडलंय कुठे, हे आधी. दुरुस्ती नंतर.

दोन मिनिटांची तपासणी

ही याच क्रमाने करा. क्रम बदलू नका.

पहिलं, राउटरकडे बघा. वायफायच्या दांड्या फुल असणं म्हणजे नेट चालू असणं नव्हे. त्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की तुमचा फोन आणि कपाटावरचा राउटर यांचं जमतंय. राउटरच्या पुढे नेट आहे की नाही, हे त्या दांड्यांना माहीत नसतं. फायबरच्या बहुतेक राउटरवर 'एलओएस' लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकायला लागला, तर बाहेरून सिग्नलच येत नाहीये. रीस्टार्ट करून फार तर एकदा बघा, नाहीतर तुमच्या केबलवाल्याला फोन करा. तो नंबर आजच, आत्ताच, राउटरच्या खाली चिकटवून ठेवा. आपल्याकडे रस्ते काँक्रिटचे करायला खोदले की हे होतंच.

दुसरं, फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर चॅटबॉट उघडा. मला एकच टेस्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. उघडला, तर गडबड तुमच्या वायफायची. हॉटस्पॉट लावा आणि काम पुढे चालू करा. वायफायची दुरुस्ती गिऱ्हाईक गेल्यावर.

तिसरं, मोबाइल डेटावरही उघडला नाही, तर एखादी दुसरी साइट उघडून बघा. पण रोजची नको. रोजची साइट कधी कधी फोनमध्ये साठवलेल्या पानावरून अर्धीमुर्धी दिसते आणि आपण फसतो. जी आज उघडलीच नाही अशी उघडा. तीही उघडत नसेल तर चॅटबॉटचा काही संबंध नाही, नेटच नाही.

चौथं, बाकी सगळं उघडतंय, फक्त चॅटबॉट नाही. मग ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि त्यात लॉगिन करून बघा. तिथे चालला, तर तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये काहीतरी अडकलंय. बहुतेक वेळा जाहिराती रोखणारं एखादं एक्स्टेन्शन, नाहीतर जुन्या कुकीज. फक्त त्या एका साइटच्या कुकीज काढा. सगळा ब्राउझर साफ करायला जाऊ नका, नाहीतर जीएसटीपासून बँकेपर्यंत सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसाल.

पाचवं, तरीही नाही, तर त्या कंपनीचं स्टेटस पान बघा. मोठ्या चॅटबॉट कंपन्यांचं असं एक पान असतं, जिथे सेवा चालू आहे की गडबड आहे ते त्या स्वतः लिहितात. चॅटजीपीटीचं पान 'स्टेटस डॉट ओपनएआय डॉट कॉम' इथे आहे. तुम्ही जो वापरता त्याचं पान आजच बुकमार्क करा. गडबडीच्या वेळी शोधायला गेलात तर भलत्याच साइटवर पोचाल. आणि सोबत एका ओळखीच्या माणसाला विचारा, "तुमच्याकडे चालतंय का?" शेजारच्या काकूंची पद्धत अजूनही सगळ्यात जलद आहे!

गोल फिरतंय, अर्धवट थांबतंय, नको म्हणतंय: प्रत्येकाचा अर्थ वेगळा

उत्तर अर्धवट येऊन थांबलं. लांब उत्तर येत असताना मध्येच स्क्रीन लॉक झाली, किंवा तुम्ही दुकानातून बाहेर पडलात आणि फोन वायफायवरून डेटावर गेला, तर असं होतं. घाईत रीफ्रेश करू नका. आधी जेवढं आलंय ते कॉपी करा, तुमचा प्रश्नही कॉपी करा, मग 'पुढे लिही' सांगा. सगळ्यांत बरं म्हणजे मोठं काम तुकड्यांत मागा. तीस प्रॉडक्टची माहिती एकदम नको, दहा-दहा मागा.

चॅट उघडतं, पण अगदी रेंगाळत. तुम्ही सहा महिने एकाच चॅटमध्ये सगळं विचारताय का? भाव, पोस्ट, मुलाचा निबंध, सासूबाईंच्या औषधाची वेळ? ते चॅट इतकं लांब होतं की ब्राउझरला ते उचलून धरणं जड जातं. नवीन विषयाला नवीन चॅट. वहीचं नवीन पान उघडतो तसं.

फोटो किंवा पीडीएफ चढतच नाही. बऱ्याच कनेक्शनला डाउनलोडचा वेग जास्त आणि अपलोडचा कमी असतो, मोबाइल डेटावर तर हमखास. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो मोठा असतो. बिलाचा फोटो असेल तर नको तो भाग कापा, लहान करा, मग चढवा.

'टू मेनी रिक्वेस्ट्स' किंवा 'लिमिट संपली' असा मेसेज आला, तर तो बिघाड नाही. तुमचा कोटा संपलाय किंवा तुम्ही भराभर विचारताय. परत परत बटण दाबून काही होत नाही. थांबा. परत कधी मिळेल त्याची वेळ लिहिलेली असेल तर ती बघा.

'तुम्ही माणूस आहात का' हे परत परत विचारतंय, किंवा 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतंय. फोनमध्ये व्हीपीएन चालू आहे का बघा. घरातल्या मुलांनी गेमसाठी किंवा मॅच बघायला टाकलेलं असतं, आणि आपल्याला पत्ताच नसतो. अँड्रॉइड फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. तिथे जाहिराती बंद करायला कुणी काही भरून ठेवलंय का तेही बघा. भरलेलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक'वर आणा.

'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतंय. फोनची किंवा कॉम्प्युटरची तारीख बघा. हसू नका! जुन्या डेस्कटॉपचा आतला सेल संपला की तारीख मागे जाते, आणि मग सुरक्षित साइट उघडायला ब्राउझर नकार देतो. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

आणि ५०२, ५०३ असे पाचशेच्या घरातले आकडे दिसले, तर ते बहुतेक समोरच्या बाजूचे असतात. तिथे तुमचा हात पोचत नाही. हात लावायचाच नाही.

आणि कधी कधी मेन लाइनच फुटते

मोठ्या कंपन्या बंद पडत नाहीत, असा आपला एक समज असतो. तो सोडून द्या.

१० जून २०२५ ला चॅटजीपीटी कित्येक तास जगभर अडखळत होतं. ओपनएआयने नंतर कारण सांगितलं: सर्व्हरवर केलेल्या नेहमीच्या अपडेटमुळे बऱ्याच मशिन्सचा नेटवर्कशी संबंध तुटला. म्हणजे साधं अपडेट!

६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात, जेद्दाजवळ, समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत नेट मंदावलं. बाहेरून येणाऱ्या अशा केबल मुंबईत वर्सोव्याला उतरतात. वाकोल्यापासून किती लांब ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या गल्लीत सगळं ठीक, किनाऱ्यावर सगळं ठीक, आणि अडचण हजारो किलोमीटर लांब पाण्याखाली. तुम्ही राउटर शंभर वेळा बंद-चालू केलात तरी काय होणार?

आणि १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. आपल्या वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या जरा आधी क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीची यंत्रणा गडबडली. ही कंपनी असंख्य साइट्सच्या दारात उभी असते, येणाऱ्याला तपासून आत सोडते. अगदी सोसायटीच्या वॉचमनसारखी. त्यांच्या एका डेटाबेसच्या परवानग्या बदलताना एक फाइल दुप्पट मोठी झाली, ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मर्यादेत बसली नाही, आणि वॉचमनच चक्कर येऊन पडला. मग घरमालक घरात असूनही पाहुणे आत जाईनात. चॅटजीपीटी, क्लॉड, एक्स, कॅनव्हा, सगळ्यांना झळ बसली. सुरुवातीला त्यांना स्वतःलाच हल्ला झाल्याची शंका आली होती. रात्री आठच्या सुमारास बरंचसं सुरळीत झालं, आणि पूर्ण ठीक व्हायला साडेदहा वाजून गेले.

त्या दिवशी स्क्रीनवर जो मेसेज येत होता तो मुद्दाम सांगतो. त्याचा अर्थ साधारण असा होता, की 'पुढे जाण्यासाठी क्लाउडफ्लेअरचा अमुक पत्ता अनब्लॉक करा'. वाचणाऱ्याला काय वाटेल? की आपणच काहीतरी ब्लॉक केलंय! मग माणूस ब्राउझर उचकायला लागतो. प्रत्यक्षात आपल्याकडे काहीच बिघडलेलं नव्हतं. म्हणून म्हणतो, स्क्रीनवरचा मेसेज वाचा, पण त्याच्यावर एकदम विश्वास ठेवू नका. आधी दोन मिनिटांची तपासणी करा.

"पैसे भरा म्हणजे अडणार नाही" हे खोटं आहे

ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीचा महिना ३९९ रुपयांचा 'गो' प्लॅन भारतात आला, आणि ४ नोव्हेंबरपासून तो इथे एक वर्ष फुकट द्यायला सुरुवात झाली. आपल्या मार्केटमध्येही बऱ्याच जणांनी घेतला. चांगलं केलंत. जास्त प्रश्न विचारता येतात, जास्त फाइल चढवता येतात. पण पैशाचा प्लॅन म्हणजे अडचणीपासून सुटका, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. १८ नोव्हेंबरला दारातला वॉचमनच पडला होता. तिथे फुकटवाला आणि पैसेवाला एकाच रांगेत उभे होते. पैसे भरून तुमचा कोटा वाढतो, तुमची मेन लाइन बदलत नाही.

दुसरा चॅटबॉट ठेवा, हा सल्ला मीही देतो. पण तोही अर्धाच खरा आहे. १२ एप्रिल २०२५ चा शनिवार आठवा. यूपीआय अडखळलं होतं. ज्यांनी काउंटरवर दोन-दोन कंपन्यांचे क्यूआर लावले होते त्यांचंही अडलं, कारण दोन्हींच्या मागे यूपीआय एकच. तुमचे दोन चॅटबॉट एकाच वॉचमनच्या मागे असतील, तर दोन्ही एकदम जातील.

त्या शनिवारी दुकानदारांनी काय केलं मग? "रोख द्या ना, सुट्टे देतो." कुणी दुकान बंद केलं नाही. कारण रोखीचा गल्ला अजून ड्रॉवरमध्ये होता.

माझा खरा मुद्दा इथेच आहे. तुमच्या एआयच्या कामाला असा गल्ला आहे का?

बीबीएला शिकलेली एक कामाची गोष्ट

कॉलेजात ऑपरेशन्सच्या पेपरला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' घोकलं होतं. परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. साध्या भाषेत, सगळं दुकान एकाच खिळ्यावर टांगू नका.

ताईंचं नुकसान दोन गोष्टींमुळे झालं. पैसे गेले फसवणुकीमुळे. पण ऑर्डर गेली ती दर आणि मेनू फक्त चॅटमध्ये होते म्हणून. कागदावर असते, तर साडेसहाला नेट गेलं तरी पावणेसातला कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून मोकळ्या झाल्या असत्या.

म्हणून माझा नियम: चॅटबॉट हे काम करायचं टेबल आहे, माल ठेवायचं कपाट नाही. टेबलावर काम झालं की माल कपाटात गेला पाहिजे. दरपत्रक, ग्राहकाला पाठवायचे ठरलेले मेसेज, कोटेशनचा नमुना, चांगले चाललेले प्रॉम्प्ट, हे सगळं फोनच्या नोट्समध्ये, आणि दरपत्रकाची एक प्रिंट कागदावर. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. सोमवारी दुपारी गर्दी नसते तेव्हा करा.

मोठे लोकही हेच करतात. ५ डिसेंबर २०२५ ला दुपारी क्लाउडफ्लेअर परत साधारण २५ मिनिटं गडबडलं. शेअर बाजार चालू होता. झेरोधाचं काइट त्यात अडकलं. त्यांनी ग्राहकांना सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवरची बॅकअप सोय वापरा. म्हणजे ती सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. बंद पडणारच, हे धरून चालले होते ते. आपण पाच माणसांचं दुकान चालवत असलो तरी हे शिकायला काय हरकत आहे?

काही जुने दुकानदार मला टोमणा मारतात, "बघ, आमची वहीच बरी. वही कधी लोड होत नाही." मान्य! पण वहीने ताईंना साठ माणसांचा हिशोब दोन मिनिटांत काढून दिला नव्हता. त्या आधी पंधरा माणसांच्या वर ऑर्डर घ्यायला घाबरायच्या. चॅटबॉटमुळे साठपर्यंत गेल्या. मी वही की एआय असा वाद घालत नाही. मी म्हणतो, एआयने काढलेला हिशोब वहीत उतरवा.

आणि आता ते वाक्य दुरुस्त करतो

"अडलं की गूगल करा" हे वाक्य मी वर्गात म्हणणं बंद केलंय. त्याऐवजी हे लक्षात ठेवा.

चॅटबॉट कंपन्या तुमचं चॅट लोड होत नाही म्हणून मोबाइल नंबरवर बोलायला माणूस बसवत नाहीत. मदत हवी तर ती अ‍ॅपच्या आतल्या 'हेल्प'मधून. सर्चमध्ये मिळालेला दहा आकडी नंबर खोटाच समजा. कुणी स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर तिथेच फोन कट. पैसे मिळवायला किंवा अकाउंट चालू करायला यूपीआय पिन लागत नाही. पिन लागतो फक्त आपल्या खात्यातून पैसे जाताना, आणि आपलाच बॅलन्स बघताना. अ‍ॅप टाकताना खाली बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचा, कारण नाव आणि चित्र सारखं दिसणारी भरपूर अ‍ॅप्स आहेत.

आणि एवढं करूनही कुणी फसलंच, तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. ताईंनी मला फोन करायला दीड तास लावला, कारण त्यांना वाटलं मी ओरडेन. शिकवणाऱ्याबद्दल असं वाटणं, हेही माझंच अपयश.

ताई आता परत बॅचला येतात. त्यांच्या ओट्याच्या वरच्या भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद आहे. एका बाजूला त्यांचं दरपत्रक, दुसऱ्या बाजूला दोन मिनिटांच्या तपासणीच्या पाच ओळी, आणि खाली केबलवाल्याचा नंबर. गेल्या महिन्यात त्यांचं नेट परत गेलं. मला फोन आला, पण काम झाल्यावर. "सर, लाल दिवा होता. मोबाइलवरून पाठवून दिलं कोटेशन."

तो कागद मी दुकानात छापून ठेवलाय. दत्त मंदिर रोडला आलात की मागून घ्या. पैसे लागणार नाहीत. मागची बाजू कोरी आहे, दरपत्रक तुमचं तुम्ही भरा.